जिथं भरती थांबते, तिथं बाजार भरतो

पेण समुद्रकाठी नाही. रोहा तर नाहीच नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन म्हटलं की डोळ्यांपुढं वाळू येते. पेण-रोहा म्हटलं की एसटी स्टँड येतो. तरीही या दोन गावांच्या नशिबाच्या किल्ल्या दोन हजार वर्षं समुद्राच्याच कमरेला लटकल्या आहेत. हे कसं काय?

उत्तर भरतीत आहे. कोकणच्या या पट्ट्यात उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर चढतं, म्हणजे जवळजवळ दीड मजला. खाडीकाठची जमीन सपाट, त्यामुळे ते पाणी थांबायचं नावच घेत नाही. धरमतरच्या खाडीतून भोगावतीत शिरतं आणि पेणच्या वेशीवरच्या अंतोरे बंदराशी येऊन टेकतं. तिकडं रेवदंड्याला कुंडलिकेच्या तोंडातून घुसतं ते रोह्यापर्यंत. जुना तांडेल काय करायचा? भरती लागली की नांगर उचलायचा. वारा पडला असला तरी मचवा माल घेऊन आत यायचा, आणि ओहोटीबरोबर परत जायचा. दिवसातून दोनदा चालणारं इंजिन, तेही चंद्राच्या खर्चानं!

आणि जिथं हे पाणी थकतं, तिथं माल होडीतून उतरून बैलाच्या पाठीवर चढतो. मालाची चढउतार आली की हमाल आले, वखार आली, आडत्या आला, सावकार आला, जेवणावळ आली. पेण आणि रोहा वसले ते नेमके इथं. पुढं घाट, मागं खाडी, आणि मधे माल हात बदलतो ती जागा.

ही जागा किती जुनी? पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. त्यात ‘सेमुल्ला’ येतं, ते आपलं चौल, कुंडलिकेच्या मुखाशी. ‘मंदगोरा’ही येतं, राजपुरीच्या खाडीकाठचं मांदाड ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. मांदाडजवळच कुड्याची लेणी आहेत. तिथल्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत एक आहे लोखंडाचा व्यापारी, करहाकडचा, म्हणजे कराडचा. जरा थांबून विचार करा. हा माणूस कृष्णाकाठावरून सह्याद्री उतरून खाडीवर आला, त्याचा धंदा बरा चालला असावा, आणि चार पैसे त्यानं लेण्याला दिले. रोम ऐन भरात असतानाच्या सुमाराला रायगडच्या एका खाडीवर कराडचा लोखंडवाला हिंडत होता! हा गृहस्थ लक्षात ठेवा.

पुढची अनेक शतकं पेणच्या बाजारातून घाटावर गेलेला मोठा माल म्हणजे मीठ. देशावर समुद्र नाही आणि मिठाशिवाय भाकरी नाही, इतका साधा हिशेब. खाडीकाठी मिठागरं, मिठागरांशेजारी खारी भातशेती. इथं एक यंत्र पाहायला मिळतं, ज्याच्याकडं बघून मी अजून चकित होतो. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात, त्यांना खारबंदिस्ती म्हणतात. पण पावसाळ्यात शेतातलं पाणी बाहेर कसं काढायचं? त्यासाठी बांधात एक झडपेचं दार बसवतात, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं दार बाहेर ढकललं जातं आणि शेतातलं पाणी निघून जातं. भरती आली की समुद्रच त्या दाराला बाहेरून रेटा देतो आणि ते घट्ट मिटतं. राखणदार नाही, मोटर नाही. समुद्र स्वतःच स्वतःला बाहेर कोंडतो. अशा जमिनीत काळा रता, भुरा रता यांसारखी खारं सोसणारी भाताची वाणं पिकायची.

मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे चढली. मुंबईहून माल गाडीत भरला की तो तडक पुण्याला. बैलांचे तांडे, मीठ वाहणारे वंजारी, अंतोऱ्याची चढउतार, सगळंच हळूहळू ओसरलं. जगाच्या व्यापारानं वाहन बदललं की असंच होतं. गाव तिथंच राहतं, रस्ता दुसरीकडून जातो. जगात अशी शेकडो गावं आहेत जी या क्षणानंतर पुन्हा उठली नाहीत. पेण आणि रोहा उठले, आणि दोघांनी अगदी वेगळ्या वाटा धरल्या.

रोह्याची वाट आधी सांगतो, कारण ती जास्त विचित्र आहे. ती मुळशीला सुरू होते.

मुळशीचं पाणी मुळेचं. निसर्गाच्या मनात होतं की ते पुण्याकडं जावं, भीमेत मिळावं, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात पोचावं. टाटांनी मुळशीला धरण बांधलं आणि ते पाणी बोगद्यातून पश्चिमेकडं वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडलं, पाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून. खाली भिरा इथं वीजघर उभं राहिलं, १९२७ साली. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल यांना वीज हवी होती. धरणाखाली जमिनी गेलेल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो १९२१ ते १९२४ चा. ते गाऱ्हाणं अजून पुरतं मिटलेलं नाही.

पण वीज तयार झाल्यावर पाणी संपत नाही. टर्बाइन फिरवून ते बाहेर पडतं. कुठं? कुंडलिकेत! बंगालच्या उपसागरात जायचं पाणी अरबी समुद्राच्या वाटेला लागलं. कोकणातल्या नद्या मे महिन्यात दगडगोट्यांची रांग होऊन पडतात, कुंडलिका मात्र वाहत असते. कोलाडला पर्यटक रबरी होड्यांतून आरडाओरडा करत जातात ना, तो सगळा थरार वीजघरातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर चालतो. मुंबईला वीज हवी म्हणून कोलाडच्या नदीला पूर! खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यावर हेच पाणी अडवून कालव्यात सोडतात आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो.

बारमाही पाणी, मुंबई हाकेच्या अंतरावर, आणि सांडपाणी सोडायला खाली खाडी. रासायनिक कारखान्याला आणखी काय लागतं? रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. औषधांची, शेतीची, रंगांची रसायनं तिथं बनू लागली. मी फक्त रंगांची गोष्ट सांगणार आहे, कारण तिच्यात जगाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा उलटफेर सापडतो.

रंगाच्या दोन जाती. एक साखरेसारखी, पाण्यात टाकली की विरघळून जाते. तिनं कापड रंगतं. दुसरी काही केल्या विरघळत नाही. तिचे अतिसूक्ष्म कण शाईत, प्लास्टिकात, मोटारीच्या रंगात तरंगत राहतात आणि तिथं बसून उजेडाचा हवा तेवढाच भाग आपल्याकडं परत फेकतात. या दुसऱ्या जातीला रंगद्रव्य किंवा पिगमेंट म्हणतात. तुमच्या घरात छापील निळ्या रंगाचं काही असेल, कॅलेंडर असो की बिस्किटाचा पुडा, तर ते निळेपण बहुतेक एकाच पदार्थाचं आहे: थॅलोसायनीन ब्लू. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात पांढरं रसायन करायला घेतलं होतं. भांड्याच्या आतला काचेचा लेप तडकला, आतलं लोखंड उघडं पडलं, आणि पांढऱ्याऐवजी निळंहिरवं काहीतरी दिसू लागलं. कोणीतरी ते फेकून दिलं नाही, हे आपलं नशीब. पुढं लोखंडाच्या जागी तांबं घातलं आणि १९३५ पासून तो निळा बाजारात आला. बनवायची कृती ऐकून विश्वास बसणार नाही: थॅलिक अनहायड्राइड, तांब्याचा क्षार आणि युरिया. होय, शेतात टाकतो तोच युरिया. एकत्र तापवायचं.

खरी जादू त्याच्या पुढं आहे. तापवून मिळालेले स्फटिक फार जाड असतात, त्यांना फारसा रंगच नसतो. ते दळावे लागतात, किती बारीक, कशाबरोबर, किती वेळ, यावर सगळं ठरतं. कारण त्याच रेणूंची रचना एका पद्धतीनं झाली तर निळा लालसर दिसतो, दुसऱ्या पद्धतीनं झाली तर हिरवट. रेणू तोच, अणू तेच, फक्त रांगेत उभं राहण्याची तऱ्हा बदलली की रंग बदलतो! छपाईला हिरवट निळा लागतो. आणि एका गोणीतला निळा पुढच्या वर्षीच्या गोणीतल्या निळ्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर कुठल्या तरी दूरच्या देशात एखाद्या साबणाच्या वेष्टनाचा रंग चुकतो आणि माल परत येतो. ही हाताची आणि डोळ्यांची कमाई आहे. ती कारखाना विकत घेऊन लगेच मिळत नाही, पिढी घालवावी लागते.

आता उलटफेर. १८९७ साली बीएएसएफ या जर्मन कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि भारताची शेतातली नीळ काही वर्षांत जगाच्या बाजारातून उठली. ऱ्हाइन नदीच्या काठावर रंगाचं साम्राज्य उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं जे रंगकारखाने आले ते बहुतेक त्यांच्याच हाताला धरून. रोह्यातली कलर-केम ही अशीच जर्मन भागीदारीतून आलेली कंपनी. ती पुढं क्लॅरियंट झाली, क्लॅरियंटचा रंगद्रव्यांचा व्यवसाय २०२२ साली ह्यूबाख या दोनशे वर्षांहून जुन्या जर्मन कंपनीकडं गेला, आणि रोह्याच्या फाटकावरची पाटी पुन्हा बदलली.

त्याच धाटावमध्ये पुण्याच्या सुदर्शन केमिकलचा कारखाना. सुदर्शन १९५१ ची, रोह्यात आली सत्तरच्या दशकात. एका वसाहतीतले हे दोन शेजारी. एक देशी, एक दूरच्या मालकाचा. ह्यूबाखवर कर्ज चढलं, युरोपात ऊर्जा महागली, मागणी घटली, आणि एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीत तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये खरेदीदार जाहीर झाला. मार्च २०२५ मध्ये व्यवहार पुरा झाला. खरेदीदार होता सुदर्शन.

म्हणजे रोह्याच्या शेजाऱ्यानं शेजारचं घर घेतलं, आणि त्या घराबरोबर जर्मनीतला वाडाही आला! नीळ बुडाल्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. अर्थशास्त्राची पुस्तकं याला उत्पादनाचं स्थलांतर वगैरे म्हणतात. मला विचाराल तर रोह्यातल्या दोन कारखान्यांच्या पाट्या वाचल्या तरी पुरतं.

आता नदीचंही ऐकून घ्या. युरोपात रंगद्रव्यं महाग का पडू लागली? एक कारण तिथले सांडपाण्याचे कडक नियम. चीननंही गेल्या दशकात प्रदूषण करणारे अनेक कारखाने बंद केले आणि तो धंदा थोडाफार आपल्याकडं वळला. धंदा आला की त्याचं सांडपाणीही येतं. धाटावला सामायिक शुद्धीकरण प्रकल्प आहे, तरी कुंडलिकेच्या खालच्या अंगाला मासळी मेल्याच्या, पाण्याला वास येण्याच्या तक्रारी कोळीवाड्यांनी वर्षानुवर्षं केल्या आहेत. ज्या खाडीनं हे गाव वसवलं, तिच्यावरच सगळ्यात जास्त भार पडला. हे विसरून नुसता जर्मनीवरचा विजय साजरा करणं मला जमत नाही.

पेणनं मात्र माती धरली. देवधर घराण्याचं नाव इथल्या मूर्तिकलेत सगळ्यांत आधी घेतात. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या कारागिरांच्या हातातून गेल्या शतकात पेण म्हणजे गणपती हे समीकरण झालं. आज पेण शहराबरोबर हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर अशी गावंच्या गावं यावर जगतात. गंमत म्हणजे यासाठी लागणारं जवळजवळ काहीच पेणचं नाही! शाडू गुजरातची, प्लास्टर ऑफ पॅरिस राजस्थानचं. पेणचं काय? हात. साच्यातून काढलेल्या मूर्तीचे सांधे जोडणारे, घासकाम करणारे, सोंडेचा बाक राखणारे हात, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी करणारा हात. आखणी करणाऱ्याला कारखान्यात वेगळा मान. पितांबर कोणीही पिवळा करील, पण बुबुळाची रेघ केसभर हलली की देव रुसलेला दिसतो.

दिवाळी झाली की इथं पुढच्या गणपतीची तयारी लागते. परदेशचा माल उन्हाळ्यातच निघतो, कारण अमेरिकेला, मॉरिशसला, युरोपला जाणारा गणपती समुद्रमार्गे जातो. इथं पेणचं जुनं भाग्य पुन्हा उघडलं. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, तेही पेणपासून तासाभराच्या वाटेवर. पेंढ्यात गुंडाळून जवळपासच्या बाजाराला जाणारी मूर्ती आता खोक्यात बसून कंटेनरमध्ये चढते.

आणि कंटेनरमध्ये चढली की जगातल्या सगळ्या भांडणांशी तिचा संबंध येतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझ सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. बुटांच्या कंटेनरला पंधरा दिवस उशीर झाला तर दुकानदार कुरकुरतो. गणपतीच्या कंटेनरला झाला तर? चतुर्थी थांबत नाही. त्या मालाला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकच उरत नाही. जगात असा माल फार थोडा असेल, ज्याची मुदत पंचांगात छापलेली असते. आणि योगायोग पाहा: अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क दुप्पट करून ५० टक्क्यांवर नेलं, ते लागू झालं २७ ऑगस्ट २०२५ ला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. ज्यांच्या मूर्ती वेळेत पोचल्या, ते त्या वर्षापुरते सुटले.

तो कराडचा लोखंडवाला आठवतो? त्याचा धंदा परत आला आहे, या वेळी पेणला. धरमतरच्या खाडीवर डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. पूर्वी इस्पातचा, २०१० पासून जेएसडब्ल्यूचा. आजची क्षमता वर्षाला १ कोटी टन. एवढं खनिज आणि कोळसा येतो कसा? महाकाय जहाज खाडीत शिरू शकत नाही. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडच्या खोल बंदरात उभं राहतं, तिथं माल लहान जहाजांत उतरतो, आणि ती किनाऱ्यानं वर येऊन धरमतरच्या खाडीत शिरतात. जुना तांडेल ज्या वाटेनं मचवा नेई, त्याच वाटेनं. फक्त पूर्वी इथून मीठ आणि भात बाहेर जायचा, आता खनिज आत येतं आणि पोलाद बाहेर पडतं.

रेल्वेनंही सव्वाशेहून अधिक वर्षांनी माफी मागितल्यासारखं केलं. कोकण रेल्वेची मोजणी रोह्यापासून सुरू होते, आणि रोह्याच्या पुढच्या कोलाड स्टेशनावर १९९९ पासून भरलेले ट्रक, चालकासकट, रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढतात; आता ते थेट कर्नाटकातल्या सुरतकलला जातात. पूर्वी होडीतून बैलावर; आता ट्रकसकट गाडीवर.

जगाचा व्यापार दारात आला की अटी कोण ठरवतं, हा प्रश्न या मातीला नवा नाही. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथं जन्मली. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते: चिंतामणराव देशमुख, जन्म महाडजवळच्या नाते गावचा, घर रोह्याचं. भारतीय प्रतिनिधींनी तिथं मागास देशांच्या विकासाचा मुद्दा लावून धरला. युद्धकाळात इंग्लंडकडं अडकलेल्या भारताच्या पैशाचा प्रश्नही मांडला. तो मात्र तिथं सुटला नाही.

आणि २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांना एक प्रश्न विचारला गेला: महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची का? प्रा. एन. डी. पाटलांनी लावून धरलेल्या लढ्यामुळे शेतकऱ्यांना मतदानानं बोलायला मिळालं. मोठा उद्योग हवा की नको, हे ज्याची जमीन जाणार त्यालाच विचारायचं, ही देशात फार क्वचित घडलेली गोष्ट. तो सेझ झाला नाही. त्या गावांचा मुख्य युक्तिवाद होता हेटवणे धरणाच्या पाण्याचा: आमची जमीन लाभक्षेत्रातली आहे, पाणी द्या, आम्ही पिकवतो.

आता पुन्हा मोठी लाट येते आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं, आणि उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत नवं शहर वसवायचा आराखडा पुढं सरकला आहे. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या, गावांत उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. त्या १२४ गावांच्या नकाशावर सही करण्याआधी सरकारनं खारेपाटाच्या नळाला पाणी आणावं.